मासा मरेपर्यंत थांबायचे का?

खाडीत मासे मरून तरंगले की फोटो निघतात, साहेब लोक येतात, बाटलीत पाणी भरून नेतात. मासे तरंगले नाहीत तर पाणी चांगले, असे सगळ्यांनीच धरून ठेवले आहे. नाल्याच्या पाण्याची तक्रार घेऊन आम्ही गेलो की पहिला प्रश्न हाच येतो, ‘मासे मेलेत का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. मासा मरण्याच्या कितीतरी आधी त्याच्या शरीरात काय बिघडते, हे मोजणारे शास्त्रज्ञ आपल्या महाराष्ट्रातच काम करत आहेत.

बारामतीजवळ माळेगावला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची एक संस्था आहे. राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था असे तिचे बोजड नाव. दुष्काळ, उष्णता, खारे पाणी, विषारी धातू यांचा पिकांवर, जनावरांवर, माशांवर काय परिणाम होतो ते तेथे तपासतात. तेथील डॉ. नीरज कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाक्यांमध्ये पंगास मासा ठेवून शिसे आणि आर्सेनिक या धातूंचा अभ्यास केला. पंगास म्हणजे आपल्या बाजारात स्वस्तात मिळतो तोच, काटे कमी असलेला, तळ्यात वाढवलेला मासा. २०१७-१८ च्या सुमारास त्यांचे शिशावरचे लेख आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आले.

त्यांनी मेलेले मासे मोजलेच नाहीत असे नाही. पण खरे काम पुढचे आहे. जिवंत, पोहणाऱ्या माशाचे यकृत, कल्ले आणि मेंदू काढून त्यातील एन्झाइम तपासले. आपण कावीळ दिसायच्या आधी एसजीपीटी तपासतो, तसेच हे समजा. डोळे पिवळे व्हायची वाट कोणता डॉक्टर बघतो? माशाच्या मेंदूत एक एन्झाइम असते, त्याचे नाव अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज. शेतात फवारणीचे औषध प्यायलेला रुग्ण वॉर्डात आला की त्याच्या रक्तात आम्ही याच कुळातील एन्झाइम तपासायला पाठवत असू. ते खाली गेले की तोंडाला फेस, बाहुल्या बारीक, श्वास अडकतो. शिशाच्या पाण्यातल्या माशाच्या मेंदूतही ते खाली गेलेले आढळले. मासा वरून ठीकच दिसतो.

दुसरी गोष्ट आम्हांला जास्त महत्त्वाची वाटते. तेच शिसे, पण पाणी गरम केले, तर विषबाधा वाढली. याचे कारण समजायला सोपे आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाला मात्र तो जास्त लागतो. मग तो कल्ल्यांतून जास्त पाणी ओढतो, आणि पाण्याबरोबर धातूही आत येतो. म्हणजे जानेवारीत तपासलेले पाणी ‘मर्यादेत’ निघाले, तरी मे महिन्यातल्या ओहोटीच्या उथळ, तापलेल्या पाण्यात माशाला ते झेपेलच असे नाही.

याच संशोधनात खाद्यात थोडे सेलेनियम मिसळल्यावर माशांचा त्रास कमी झालेला दिसला. तळ्याच्या मालकाला याचा उपयोग होईल. खाडीतल्या बोयटाला कोण खाद्य घालणार? आणि हे वाचून कुणी सेलेनियमच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये जाऊ नका. तो प्रयोग माशांवरचा आहे.

आणखी एक खुलासा आत्ताच करतो, नाहीतर अफवा व्हायला वेळ लागत नाही. त्या टाक्यांमध्ये शिसे मुद्दाम घातले होते. बाजारातला पंगास विषारी असतो, असे त्यातून सिद्ध होत नाही. होळीला मावरं विकायला बसणाऱ्या कोळणीही आपल्यासारख्याच हातावर पोट असलेल्या. खाडी घाण झाली तर पहिली झळ त्यांना बसते. तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली ती मच्छीमारांचीच संघटना, अखिल भारतीय मांगेला समाज परिषद.

आता आपल्या खाडीकडे येऊ. उल्हास नदी कर्जत, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण असे करत वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. एवढ्या शहरांचे आणि कारखान्यांचे पाणी पोटात घेऊन ती आपल्या दारात येते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातील शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीतल्या गाळातील पारा मोजला, तो लेख २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत पारा वापरत, तो सांडपाण्यातून गाळात गेला. ती पद्धत आता मागे पडली आहे. पण धातू कुजत नाही, जळत नाही, गाळात बसून राहतो. गाळातले जंतू त्याचा मिथाइल पारा करतात. तो किड्यात, किड्यातून लहान माशात, लहान माशातून मोठ्यात वाढत जातो. जपानमध्ये मिनामाताला १९५६ मध्ये हेच उघड झाले. तेथे आई धडधाकट दिसत होती आणि तिच्या पोटचे मूल मेंदूला इजा होऊन जन्माला येत होते.

विहारातल्या आरोग्य बैठकीत बायका विचारतात, मग मासे सोडायचे का? अजिबात नाही. आपल्या घरात प्रथिने, लोह, आयोडीन स्वस्तात देणारे दुसरे आहे काय? मांदेली, बोंबील, जवळा यांचे आयुष्य छोटे, त्यांच्यात पारा साठायला वेळच कमी. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचे कालवण देतात, त्याबद्दल मात्र आम्ही बोलणार. मोरी म्हणजे मुशी, शार्कच्या जातीची, दुसरे मासे खाऊन जगणारी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला मोरी आणि मोठी सुरमई नेहमी नको, त्याऐवजी बोंबील द्या. सासूबाईंना हे पटवणे अवघड जाते, ते आम्हांला माहीत आहे. नाल्याच्या तोंडाशी पकडलेले खेकडे, निवट्या, शिंपल्या पोरांना देऊ नका. कल्ले आणि आतडी काढून टाका, खेकड्याच्या पाठीखालचा तपकिरी भागही. कॅडमियम अशाच भागांत जास्त साठते. उकळून, तळून, लिंबू-हळद लावून धातू जात नाही.

लोह कमी असलेल्या शरीरात शिसे जास्त शोषले जाते, हेही सांगायला हवे. आपल्या वस्त्यांतील किती बायका आणि मुले रक्ताने कमी आहेत ते प्रत्येक आशाताईंना विचारा. आम्ही नोकरीत असताना जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या गाळ्यात काम करणारा एक मुलगा येत असे. पोटात कळा, चेहरा पांढरा. महिनोन् महिने त्याला लोहाच्या गोळ्या मिळत राहिल्या. तू काम काय करतोस, हे कुणी विचारले नव्हते. खाडीच्या बाबतीतही तेच चालले आहे. पाणी तपासतात, गाळ आणि मासा सोडून देतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. माशात किलोमागे किती पारा चालेल याची मर्यादा अन्न सुरक्षेच्या नियमांत आहे, साधारण माशांसाठी अर्धा मिलिग्रॅम. मर्यादा आहे तर मोजणीही दाखवा. वसई खाडीतला गाळ आणि मासे उन्हाळ्यात एकदा, पावसानंतर एकदा तपासा आणि निकाल मराठीत बाजारात लावा. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, माणसे शिकलेली आहेत, यंत्रे आहेत. लांबून काही आणायचे नाही.

माहितीच्या अधिकारात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि अन्न व औषध प्रशासनाला तीन प्रश्न विचारायचे आहेत. खाडीतील कोणते धातू तपासले, गाळ आणि मासे तपासले का, शेवटचे कधी. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुढच्या रविवारच्या बैठकीत अर्ज लिहायला बसू. दारिद्र्यरेषेखालील असल्याचा पुरावा असेल तर दहा रुपयांचे शुल्कही लागत नाही, तेव्हा त्याची झेरॉक्स बरोबर आणा.