शिक्षकांचा शिक्षक कोण?

शिक्षकानेही शिकत राहिले पाहिजे, हे तत्त्व आता निर्विवाद झाले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान 50 तास आपल्या व्यवसायातील उन्नतीस द्यावेत, अशी अपेक्षा प्रकट केली आहे. प्रश्न इतकाच, की त्यास शिकवावयाचे कोणी? वर्षानुवर्षे खडू हाती न धरलेल्या अधिकाऱ्याने, की पलीकडच्याच वर्गात उभ्या असलेल्या सहकाऱ्याने? आमचे उत्तर स्पष्ट आहे: सहकाऱ्याने.

व्यापाऱ्याचा मुलगा पेढीवर बसून शिकतो. नवा वकील ज्येष्ठांची उलटतपासणी ऐकून तयार होतो. शिक्षक मात्र वर्गाचे दार लोटून घेतो व आपली हातोटी आपल्यापाशीच ठेवून निवृत्त होतो. अर्धा आणि तिसरा हिस्सा मिळून दोन-पंचमांश, असे मूल का लिहिते व ती चूक कशी सुटते, हे परळच्या एखाद्या बाईंस अनुभवाने गवसलेले असते. लालबागच्या बाईंस त्याची वार्ताही नसते. मुलांच्या चुकलेल्या वह्या पुढे ठेवून ह्या दोघी तासभर बोलल्या, तर ती खरी कार्यशाळा होय. बाकीचा हजेरीपटाचा व चहापानाचा समारंभ.

ही कल्पना परकी नव्हे. 1845 साली मुंबईत शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला, तेव्हा त्याची सूत्रे 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांच्या हाती आली; ते स्वतः एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन केलेले होते. पुढे 1974 साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा आरंभ गिरगावास लागून असलेल्या नाना चौकातील महापालिकेच्या शाळेत झाला. तेथे डॉ. वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी ह्यांस आढळले, की मूल विज्ञानात अडते ते पुष्कळदा बुद्धीच्या उणेपणामुळे नव्हे, तर पुस्तकाच्या दुर्बोध भाषेमुळे. हे ज्ञान कचेरीत बसून मिळाले नसते.

कोणी म्हणतील, बरोबरीच्याने शिकवू लागल्यास मत्सर माजेल. माजेलही, पण मत्सराच्या भयाने गुण दडवून ठेवणे हा कोठला न्याय? खरी अडचण वेळेची आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने शिक्षकांस अशैक्षणिक कामांस जुंपण्यास मनाई केली. तथापि जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका हे अपवाद ठेवले, आणि ते काही लहान नव्हेत. अशा स्थितीत दिवसभर वर्ग घेऊन सायंकाळी सहकाऱ्यांस शिकविणाऱ्या बाईंस आपण देतो काय? एक नारळ!

म्हणून संस्थाचालकांस आमचे सांगणे आहे, की अशा शिक्षकांचे आठवड्यातील दोन तास कमी करा व त्या श्रमाची नोंद बढतीच्या वेळी घ्या. आणि दादर-गिरगावच्या व्यापारी बंधूंनो, शाळेच्या भिंतीवर नावाची पाटी लावण्यास आपण देणग्या देता. त्यातील काही अंश बदली शिक्षकाच्या वेतनास द्या. मराठी शाळांचा पट घटत असता केवळ भाषाभिमानाची भाषणे करून पालक परत येणार नाहीत. उत्तम शिकविणारा शिक्षक दिसेल, तेथेच ते आपले मूल घालतील. आणि तसा शिक्षक एकट्याने घडत नाही.