बाळाचं वजन होतं, आईच्या मनाचं काय?

"बाळंतीण आहे, रडणारच!" वरसे-रोह्याकडे हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता राग येतो. स्वतःचाही येतो. कारण मीसुद्धा कित्येक वर्षं टाके आणि दूध एवढंच विचारून पुढच्या पेशंटला हाक मारली.

प्रसूतीनंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांत ते ओसरतं. पण त्यानंतरही उदासी राहिली, बाळ झोपलं तरी आईला झोप लागत नसेल, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नसेल, तर ती नाटकं नव्हेत, बाहेरची बाधाही नव्हे. ते नैराश्य आहे आणि उपचारांनी बरं होतं. स्तनपान चालू असताना चालणारी औषधंही आहेत.

शेजारच्या गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयातल्या आयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. म्हणजे चौघींत जवळपास एक!

दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जातात. बाळाचं वजन, आईचा ताप, रक्तस्राव पाहतात. आईच्या मनाचं विचारायला त्यांना, सिस्टरना, नर्सताईंना नीट शिकवणार कोण?

दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून आहे. पण नुसता कागद पुढे करून भागत नाही. सासूबाई शेजारी बसल्या असताना कोणती सून खरं बोलेल? तिला एकटीला कसं गाठायचं, "जगू नये असं वाटतं का?" हे न कचरता कसं विचारायचं, "हो" म्हणाली तर त्याच दिवशी कुठे पाठवायचं, हे सराव करून शिकावं लागतं. एका दुपारच्या व्याख्यानाने येत नाही.

"त्यांना आधीच कामं थोडी आहेत का?" खरंय. म्हणूनच ड्यूटीच्या वेळेत शिकवा, एखादं रजिस्टर कमी करा आणि त्यांचा फोन उचलणारा डॉक्टर द्या. ही मागणी ग्रामसभेत तुम्हीच करायची आहे.

तोवर घरी डिंकाच्या लाडवांसोबत तिला सलग झोप द्या. "मुलगीच झाली" हे बोलणं बंद करा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत नंबर जवळ ठेवा. आणि ती असंबद्ध बोलू लागली, किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचं बोलली, तर एकटं सोडू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. बारसं पुढे ढकलता येतं.