मगरीचे हसू

जानेवारी २०२२ मध्ये व्हिक्टर शेंदेरोविच या रशियन उपहासकाराने आपला देश सोडला. आदल्याच महिन्यात सरकारने त्यांच्यावर ‘परकी हस्तक’ असा शिक्का मारला होता आणि अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला त्यांच्यापुढे उभा होता. राज्यकर्त्यांच्या बाहुल्या करून त्यांना टेलिव्हिजनवर नाचविणाऱ्या कार्यक्रमाचे हे लेखक. ते देशाबाहेर पडले तेव्हा क्रेमलिनवरील लाल निशाण उतरल्याला जेमतेम तीस वर्षे झाली होती. एका महासत्तेची जरब संपल्याची दवंडी ज्या हास्याने १९९१ साली पिटली, ते हास्य तीस वर्षांत हद्दपार कसे झाले? हा प्रश्न एकट्या रशियाचा नाही. म्हणूनच त्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सोव्हिएत राज्यात व्यंगचित्रे नव्हती, असे कोणी समजत असेल तर ते चूक आहे. उलट, तेथे विनोदाचे सरकारी खातेच होते म्हटले तरी चालेल. ‘क्रोकोडिल’, म्हणजे मगर, या नावाचे नियतकालिक मॉस्कोत १९२२ साली निघाले आणि पुढे त्याच्या लक्षावधी प्रती खपू लागल्या. लाचखाऊ दुकानदार, दारूडा कामगार, कागदी घोडे नाचविणारा कारकून आणि उंच टोपीतला अमेरिकन धनाढ्य हे या मगरीचे नित्याचे भक्ष्य. खालच्या पायरीवरील माणसाला तिने मनमुराद ओरबाडले. वरच्या मजल्याकडे मात्र मान वर करून पाहिले नाही. पक्षाचा सरचिटणीस, पॉलिटब्यूरो आणि गुप्त पोलीस यांना हसण्याची मुभा नव्हती. जनतेचा राग कारकुनावर निघावा आणि धोरण ठरविणारा नामानिराळा राहावा, ही त्यातली मेख. सोव्हिएत प्रचाराची गुळगुळीत कागदाची नियतकालिके मुंबई-पुण्याच्या घरांतही मराठीतून येत आणि मुलांच्या वह्यांना त्यांची वेष्टने चढत, हे अनेक वाचकांना आठवत असेल. त्या पानांवर सारेच हसत असत; पण कोणी कोणाला हसत नसे.

अशा व्यवस्थेत कलावंताचे काय होते, हे पाहावयाचे असेल तर बोरिस येफीमोव्ह यांचे आयुष्य पाहावे. १९२४ साली त्यांच्या चित्रसंग्रहाला ट्रॉट्स्कींची प्रस्तावना लाभली. ट्रॉट्स्की देशद्रोही ठरताच येफीमोव्हांच्याच कुंचल्याने त्यांना नाझींचे हस्तक म्हणून रंगविले. येफीमोव्हांचे सख्खे बंधू, नामांकित पत्रकार मिखाईल कोल्त्सोव्ह, १९३८ साली पकडले गेले आणि १९४० साली त्यांना गोळी घालण्यात आली. त्यानंतरही त्याच राजवटीसाठी येफीमोव्ह चित्रे काढीत राहिले. १९४७ साली तर जनरल आयसेनहॉवर यांच्यावरील एका चित्राची कल्पना खुद्द स्टालिनने त्यांना सुचविली. १०८ वर्षांचे आयुष्य भोगून ते २००८ साली वारले. येथे बसून त्यांना दोष देणे सोपे आहे. आमचा रोख त्यांच्यावर नाही. जेथे व्यंगचित्र हे राज्याचे हत्यार बनते, तेथे व्यंगचित्रकाराला स्वतःच्या दुःखाचे चित्र काढण्याचाही हक्क उरत नाही, एवढेच यावरून दिसते.

मग खरा विनोद छापखान्याबाहेर, स्वयंपाकघरातील टेबलाभोवती राहू लागला. ‘प्राव्दा’ म्हणजे सत्य आणि ‘इझ्वेस्तिया’ म्हणजे वार्ता. तेव्हा ‘सत्या’त वार्ता नाही आणि ‘वार्ते’त सत्य नाही, हा चुटका पिढ्यान्‌पिढ्या चालला. दुसरा याहून कडवट. श्वेत समुद्राचा कालवा कोणी खणला? उजवा काठ चुटके सांगणाऱ्यांनी, डावा काठ ते ऐकणाऱ्यांनी! तो कालवा कैद्यांनीच खणला होता आणि स्टालिनच्या काळात चुटक्यांपायी माणसे श्रमछावण्यांत जात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या विनोदातली अतिशयोक्ती फारशी उरत नाही. पुढे १९६६ साली सिन्याव्हस्की आणि दानिएल या लेखकांना परदेशात छापलेल्या उपहासात्मक लेखनाबद्दल अनुक्रमे सात आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. १९८३ साली व्याचेस्लाव सिसोयेव्ह या व्यंगचित्रकाराला दोन वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. आरोप मात्र अश्लील चित्रांचा! आपल्याला कोणी हसले हे न्यायालयात कबूल करणेही राजवटीला जड जाऊ लागले होते.

१९८२ चा नोव्हेंबर ते १९८५ चा मार्च एवढ्या अवधीत ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह आणि चेर्नेन्को हे तिन्ही सर्वाधिकारी एकामागून एक वारले आणि गोर्बाचोव्ह अधिकारावर आले. त्यांनी त्याच वर्षी दारूवर निर्बंध घातले. दुकानांपुढे रांगा लागल्या. रांगेत ताटकळलेला एक इसम ‘त्या गोर्बाचोव्हलाच ठार करून येतो’ म्हणून निघतो आणि थोड्या वेळाने हात हलवीत परततो. कारण? ‘तिकडची रांग याहून लांब आहे!’ हा चुटका पुढे गोर्बाचोव्ह स्वतःच सांगत. मॉस्कोच्या आर्बात रस्त्यावर लाकडी बाहुल्या विकावयास आल्या. गोर्बाचोव्हच्या पोटात ब्रेझनेव्ह, त्याच्या पोटात ख्रुश्चेव्ह, मग स्टालिन आणि सर्वांत आत इवलासा लेनिन! सत्तर वर्षांच्या इतिहासावर याहून नेमके भाष्य कोणत्या पंडिताने केले आहे?

परंतु सुधारकाची सहनशक्तीही किती तोकडी असते पाहा. मे १९९० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या मानमरातबाच्या रक्षणासाठी खास कायदा झाला आणि अपमान करणाऱ्यास तुरुंगाची तरतूद करण्यात आली. पुढच्याच महिन्यात सेन्सॉरशाही रद्द करणारा मुद्रणविषयक कायदा झाला. एका हाताने हसण्याची मोकळीक द्यावयाची आणि दुसऱ्या हाताने दंडुका जवळ ठेवावयाचा, असाच हा प्रकार नव्हे काय?

त्यानंतर आला ऑगस्ट १९९१. १९ तारखेला कटवाल्यांनी गोर्बाचोव्हना क्रिमियात कोंडले, टेलिव्हिजनवर ‘स्वान लेक’ हे नृत्यनाट्य लावून दिले आणि बहुसंख्य वृत्तपत्रे बंद केली. संध्याकाळच्या पत्रकार परिषदेत त्यांचे म्होरके यानायेव्ह यांचे थरथरणारे हात साऱ्या देशाने पाहिले. ‘आपण सत्तापालट केला आहे हे आपणांस कळते काय?’ असा सवाल एका तरुण महिला पत्रकाराने त्यांना उभ्या उभ्या केला. सभागृहात हशा पिकला. तीन दिवसांत कट संपला आणि डिसेंबरात राज्यही संपले. विनोदाने साम्राज्य पाडले, असे आम्ही म्हणणार नाही. रिकामी दुकाने, तेलाचे घसरलेले भाव, अफगाणिस्तानातील युद्ध आणि घटक राष्ट्रांची स्वातंत्र्याकांक्षा यांनी ते पडले. लोकांच्या मनातील भीती आधीच गेली आहे, हे मात्र त्या हशाने जाहीर केले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९९४ साली एन्‌टीव्ही या खाजगी वाहिनीवर शेंदेरोविच यांचा ‘कुकली’ म्हणजे ‘बाहुल्या’ हा कार्यक्रम सुरू झाला. येल्त्सिन आणि त्यांचे सहकारी भणंगांच्या वेषात दिसले म्हणून १९९५ साली सरकारी वकिलांनी खटला उभारला. तो सोडून द्यावा लागला. जानेवारी २००० मध्ये, जादूने सर्वांना सुंदर दिसणारा कुरूप बुटका ही हॉफमनच्या कथेतील भूमिका पुतिन यांच्या बाहुलीला मिळाली. त्यानंतर ‘पहिल्या माणसाची’ बाहुली काढा, असा निरोप वरून आल्याचे शेंदेरोविच यांनी सांगितले आहे. एप्रिल २००१ मध्ये सरकारच्या वर्चस्वाखालील गॅस कंपनीने वाहिनी ताब्यात घेतली आणि २००२ साली बाहुल्यांचा खेळ आटोपला. यासाठी ना सेन्सॉर आणावा लागला, ना छावणी. मालक बदलला की पुरे!

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष एकच आहे. येफीमोव्ह हसले ते हुकूम होता म्हणून. ‘कुकली’ हसली ती एका धनिकाचा आश्रय होता आणि येल्त्सिन सोसून घेत होते म्हणून. १९९१ साली रशियन जनतेची भीती गेली. पण ती परत येऊ नये म्हणून जे निर्भय न्यायालय, जी अनेकांच्या मालकीची वृत्तपत्रे आणि त्यांच्या पाठीशी उभा राहणारा जो वाचकवर्ग हवा, तो उभा राहण्यापूर्वीच सत्ता सावरली. मेहेरबानीने मिळालेले हसू मेहेरबानी संपताच संपते. म्हणून कोणत्याही देशात, आपल्याही, व्यंगचित्रे किती छापली जातात हे मोजून भागावयाचे नाही. सर्वांत वरच्या खुर्चीतील माणसाचे चित्र काढून चित्रकार त्या रात्री आपल्या घरी निर्धास्त झोपू शकतो की नाही, हे विचारावयास हवे. आणि हे ज्याने त्याने आपला आवडता पुढारी त्या खुर्चीवर असतानाच विचारावयास हवे.