भाकरी मोजल्या, गुरे कोणी मोजायची?

आफ्रिकेच्या खेड्यांत चर्चने चालविलेल्या कामाविषयी आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एका मताने तो धर्मांतराचा सापळा, दुसऱ्या मताने ती निखळ सेवा. ते काम प्रत्यक्षात कसे चालते हे समजून घेण्याचे कष्ट दोन्ही बाजूंनी सहसा घेतलेले नसतात. मला स्वतःला ते काम मोलाचे वाटते, आणि नेमके म्हणूनच त्याच्याशी भांडणे अगत्याचे वाटते.

पूर्व युगांडातील तेसो प्रदेश घ्या. सोरोती हे तेथील मुख्य गाव. पेंटेकोस्टल असेंब्लीज ऑफ गॉड हे स्थानिक चर्च ब्रिटनच्या टिअरफंड या ख्रिस्ती संस्थेच्या साहाय्याने या शतकाच्या आरंभापासून तेथे एक कार्यक्रम राबवीत आले आहे. बाहेरून धान्य किंवा अवजारे आणून वाटायची नाहीत, हा त्याचा दंडक. मंडळीसमोर पाच भाकरी व दोन मासे यांची बायबलातील कथा वाचायची आणि येशूने शिष्यांना विचारलेला प्रश्न गावाला विचारायचा : तुमच्यापाशी आहे तरी काय? मग गावकरी झाडाखाली बसून जमीन, पाणी, कसब आणि माणूसबळ यांची मोजदाद करतात. बचत गट निघतात, शेते मिळून कसली जातात, शाळेसाठी विटा पाडल्या जातात. एरवी सभेत तोंड न उघडणाऱ्या विधवा हिशेब विचारू लागतात.

हे थोडे नव्हे. २००३ साली लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीचे बंडखोर तेसोत घुसले, तेव्हा हजारो कुटुंबांना छावण्यांत मदतीच्या धान्यावर जगावे लागले होते. अशा माणसांना पुन्हा आपल्या हातांची ओळख करून देणे हे कोणत्याही समाजवाद्याला आपले वाटावे असे काम आहे. ते पाळकाने केले म्हणून त्याचे मोल उणावत नाही.

माझा आक्षेप निराळा आहे. दारिद्र्याचे मूळ परावलंबी मनात आहे, मन बदलले की परिस्थिती बदलते, असे या कार्यक्रमाचे पुरस्कर्ते आवर्जून सांगतात. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे विधान पचणे कठीण. तेसोचा शेतकरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बैलांच्या नांगराने कापूस पिकवीत होता. तो कापूस मुंबईच्या गिरण्यांत येई आणि तिकडच्या जिनिंग कारखान्यांत भारतीय व्यापाऱ्यांचे भांडवल असे. तेव्हा त्या लुटीत आपलाही वाटा होता, हे लपविण्यात अर्थ नाही. युगांडात कापसाचे बी वाटणारी युगांडा कंपनी १९०३ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या औद्योगिक कार्यातूनच जन्मली होती. महायुद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, तर वाढीव रक्कम भावस्थैर्याच्या नावाने वसाहती सरकारने राखून ठेवली. त्या शेतकऱ्याच्या मनात कोणता आळस होता?

आणि गुरे? १९८६च्या सत्तांतरानंतर करामोजोंग टोळ्यांच्या धाडी सुरू झाल्या. सरकारने संरक्षण दिले नाही आणि काही वर्षांत प्रदेशातील बहुतेक गुरे नाहीशी झाली. बैल गेले, म्हणजे नांगर गेला. नांगर गेला, म्हणजे हातातील कुदळीने खणता येईल तेवढीच शेती उरली. त्याच काळात बंड झाले, आणि ते मोडताना ११ जुलै १९८९ रोजी मुकुरा येथे सैन्याने रेल्वेच्या डब्यात कोंडलेल्यांपैकी ६९ जण गुदमरून मेले. गुरांच्या भरपाईची मागणी तेव्हापासून दशकानुदशके आश्वासनांवर लोंबकळत राहिली. झाडाखालच्या मोजदादीत शिल्लक शेळ्या मोजल्या जातात. गेलेल्या बैलांचा रकाना त्या वहीत नसतो.

मन आधी की परिस्थिती आधी, याचा निवाडा युगांडातच झालेला आहे. १९९७ साली सरकारने प्राथमिक शाळांची फी उठविली, आणि ३० लाखांच्या आसपास असलेली पटसंख्या एका वर्षात ५० लाखांवर गेली. २००१ साली सरकारी दवाखान्यांतील शुल्क रद्द होताच गरिबांची गर्दी उसळली. त्या आयाबापांची मने आदल्या वर्षी निद्रिस्त होती काय? त्यांच्यापाशी पैसे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. शाळांसाठी लागलेला पैसाही काही अंशी कर्जमाफीतून आला. १९९८ साली अतिकर्जबाजारी देशांच्या योजनेत सवलत मिळविणारा युगांडा हा पहिला देश.

या कर्जमाफीसाठी जगभर आवाज उठविला तो 'ज्युबिली २०००' चळवळीने, आणि तिच्या अग्रभागी चर्चच होते. बायबलातील योबेल वर्षाची कल्पना तिने घेतली : पन्नासावे वर्ष उगवले की विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत आणि दास मुक्त. म्हणजे देणेकऱ्यांच्या दारात उभे राहून हक्क मागण्याची परंपरा चर्चपाशी आहे. लंडनमध्ये जे धर्मवचन सावकारांना ऐकविता येते, ते सोरोतीच्या खेड्यात मात्र उच्चारले जात नाही. तिथे केवळ पाच भाकरींची कथा पुरते. दात्यांना हे सोयीचे आहे. स्वावलंबी गाव स्वस्त पडते, आणि सरकारलाही पाटाचे पाणी, पशुवैद्य, रस्ता यांविषयी कोणी विचारीत नाही.

डॉ. लोहियांनी कार्यकर्त्यासमोर फावडे, जेल आणि मत अशी तीन साधने ठेवली होती. तेसोत फावडे उत्तम चालते आहे. इतर दोहोंचे नाव काढले की पाळक म्हणतो, हे राजकारण झाले. (आपल्याकडचे विधायक कार्यकर्ते फार वेगळे वागतात असे नाही, पण तो विषय स्वतंत्र.)

तेसोत आता संत्र्यांच्या बागा उभ्या आहेत. सोरोतीत २०१९ साली कोरियाच्या साहाय्याने बांधलेला फळांचा सरकारी कारखाना सुरू झाला. बाग लावण्याचे धैर्य गावसभेने दिले असेल, तर संत्र्याचा भाव कोण ठरविणार हा प्रश्नही त्याच सभेत निघाला पाहिजे. गेलेल्या बैलांची घरोघर यादी त्याच वहीत करावी आणि पाळकाने ती घेऊन गावकऱ्यांसह जिल्हा कचेरीत जावे.