नडगीत रॉड घालण्यापूर्वी

ट्रॅक्टरवरून पडून वा रस्त्यावरील अपघातात नडगीचे हाड मधोमध मोडले, की बहुधा हाडाच्या पोकळीत लांब रॉड बसवतात. तो घालण्याचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग गुडघ्याच्या वाटीखालून. त्यात गुडघा बराच दुमडावा लागतो. नवा मार्ग वाटीच्या वरून. त्यात गुडघा थोडासाच वाकवतात, म्हणून मोडलेले हाड सरळ धरणे सोपे जाते. मात्र येथे अवजारे सांध्यातून न्यावी लागतात व ती खास असतात.

हाड दोन्ही मार्गांनी जवळजवळ सारखेच जुळते. प्रश्न नंतरच्या दुखण्याचा आहे. वाटीखालच्या छेदानंतर पुष्कळांना गुडघे टेकताना दुखते. वरच्या मार्गाने ते दुखणे काही अभ्यासांत कमी, तर काहींत तेवढेच आढळले.

म्हणून भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात वा एम्समध्ये जाणाऱ्या शेतकऱ्याने आधीच सांगावे, असे आम्हांस वाटते : "मी उकिडवा बसून निंदणी करतो, मिस्सेत गुडघे टेकतो. माझ्यासाठी कोणता मार्ग बरा?" निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा, पण आपले जगणे त्यांना ठाऊक असावे. न विचारता मुकाट्याने अंगठा उठवणे म्हणजे नम्रता नव्हे.