गळ्यातली गाठ आणि धरणापलीकडची बाई

गळ्याला गाठ आली की आपली बाई आधी पदर गळ्याभोवती ओढून घेते. मग कुणी भगताकडे नेतो, कुणी दोरा बांधतो. शेवटी दवाखान्यात जाते, 'ऑपरेशन' हा शब्द ऐकते आणि घरी येते ती पुन्हा जातच नाही. ही भीती अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेऊ नका. थायरॉईडची ग्रंथी पूर्ण काढली तर जन्मभर रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यावी लागते. अर्धी काढली तरी काही जणींना ती लागते. गोळी स्वस्त आहे हो, पण तिची मात्रा ठरवायला पुन्हा पुन्हा रक्त तपासावे लागते. ताम्हिणीकडच्या मजूर बाईची प्रत्येक तपासणीला एक रोजी बुडते, एसटीचे भाडे वेगळेच.

आता गाठ न कापता आतल्या आत भाजण्याचा उपचार आला आहे. रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन हे त्याचे नाव. दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी २००० नंतरच्या दशकात तो रुजवला. गळा बधिर करतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बारीक सुई गाठीत घालतात. विजेच्या लहरींनी सुईच्या टोकाशी उष्णता तयार होते, गाठीचा तो भाग मरतो आणि शरीर तो हळूहळू शोषून घेते. वर्षभरात गाठ बहुधा निम्म्याहून लहान होते. टाके नाहीत, मोठा व्रण नाही. बाकीची ग्रंथी शाबूत राहते, त्यामुळे गोळी सहसा लागत नाही.

मात्र जाहिरातीला भुलू नका. बहुतेक गाठी साध्या असतात. गिळताना, श्वास घेताना त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवले तरी पुरते. भाजायचीच असेल तर ती कर्करोगाची नाही याची सुईने पेशी काढून खात्री करावी लागते, तीही साधारणपणे दोनदा. आवाजाची नस ग्रंथीच्या मागूनच जाते. तिला चटका बसला तर आवाज बिघडतो, म्हणून हात सरावाचा लागतो. काही गाठी काही वर्षांनी परत वाढतात. हे सगळे न सांगता पैशाचा आकडा सांगणाऱ्या डॉक्टरकडून सरळ उठून यावे.

मुळशी तालुक्यात हिंजवडीही येते आणि धरणापलीकडची गावेही. हिंजवडीच्या नोकरदार बाईला हा उपचार मोबाईलवर सापडतो. १९२१ साली ज्या धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्याचे पाणी भिऱ्याला उतरते आणि वीज मुंबईला जाते. विजेवर चालणारी ही सुई मात्र धरणाकाठच्या बाईपर्यंत कधी येणार?

गरिबांच्या उपचारासाठी २०१२ साली राज्यात सुरू झालेल्या योजनेला २०१७ पासून महात्मा फुल्यांचे नाव आहे. त्या योजनेच्या यादीत हा उपचार आहे का? ससूनमध्ये तो होतो का? पौडच्या सरकारी दवाखान्यात गळ्याची सोनोग्राफी आणि सुईची तपासणी ठरलेल्या वारी मिळते का? कार्यकर्त्यांनी हे तीन प्रश्न तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी द्यावेत आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नये.