इच्छामरण : न्यायालय पुढे, संसद मागे

मरणाची वेळ कोणी ठरवायची, या प्रश्नाला भारतात आजवर न्यायालयांनीच उत्तरे दिली आहेत. विधि आयोगाने 2006 आणि 2012 मध्ये अहवाल दिले, आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. पण त्याचा कायदा झाला नाही. मरणाच्या प्रश्नावर मते मिळत नाहीत, रोष मात्र ओढवू शकतो, हे साऱ्याच पक्षांना ठाऊक आहे.

या वादाची मुळे महाराष्ट्रात आहेत. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे कलम 309 मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्ये घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये तीच दिशा धरली. मात्र 1996 मध्ये ग्यान कौर खटल्यात घटनापीठाने ती फिरवली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे पीठाने बजावले. पुढे अरुणा शानभाग प्रकरणाने देश हेलावला. त्यांच्यासाठी दयामरण मागणाऱ्या लेखिका पिंकी विराणी होत्या. विरोध करणाऱ्या होत्या त्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या केईएम रुग्णालयातील परिचारिका. 2011 मध्ये न्यायालयाने परिचारिकांचा शब्द मानला. पण त्याच निकालात उपचार थांबवण्याची वाटही किलकिली केली. शानभाग यांचे 2015 मध्ये नैसर्गिक निधन झाले.

2018 मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क अनुच्छेद 21 मध्ये सामावला आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. तथापि उपचार थांबवणे वेगळे आणि मरणास साह्य करणे वेगळे. दुसरी गोष्ट आजही गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 108 नुसार आत्महत्येस प्रवृत्त करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

ही सीमारेषा अनेकांना कृत्रिम वाटते. यंत्र काढून घेणाऱ्या डॉक्टरालाही परिणाम ठाऊक असतोच, हा युक्तिवाद बिनतोड भासतो. परंतु ज्या देशात वेदनाशामक उपचार मोजक्या शहरांपुरते आहेत आणि रुग्णालयाच्या बिलापायी घर गहाण पडते, तेथे रुग्णाची 'इच्छा' कितपत त्याची स्वतःची, हा प्रश्न उरतो. कुटुंबावर भार नको म्हणून मरण मागणारा वृद्ध स्वतंत्र आहे, असे म्हणता येईल काय?

प्रशासनासाठी खरी कसोटी पुढेच आहे. 2018 ची प्रक्रिया इतकी किचकट होती, की ती कागदावरच राहिली. 2023 मध्ये न्यायदंडाधिकाऱ्याच्या प्रतिस्वाक्षरीची अट काढून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे ठरवले गेले. म्हणजे दिल्लीतील मराठी अधिकाऱ्याच्या मेजावरही असा कागद येऊ शकतो. इच्छापत्राची प्रत सांभाळण्यासाठी स्थानिक संस्थेने अधिकारी नेमायचा आहे. रुग्णालयाच्या दुसऱ्या वैद्यकीय मंडळावर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने डॉक्टर नियुक्त करायचा आहे. आरोग्य हा राज्यांचा विषय. त्यामुळे इच्छापत्र पुण्यात, मुलगा दिल्लीत आणि रुग्णशय्या नोएडात असेल, तर तीन प्रशासनांची गाठ पडते. कर्नाटकाने 2025 मध्ये याविषयी परिपत्रक काढले; महाराष्ट्रात उच्च न्यायालयातील जनहित याचिकेने यंत्रणा हलवावी लागली.

साह्य घेऊन मरण्याला मान्यता द्यावी की नाही, हा वाद दीर्घकाळ चालेल, चालावाही. परंतु जो हक्क मान्य झाला आहे, तो अतिदक्षता विभागाच्या दारापर्यंत पोचवणे हा वादाचा विषय नाही, कर्तव्याचा आहे. न्यायालयाने आखलेली चौकट संसद कायदा करीपर्यंतची सोय होती. सोयीलाच कायदा समजून संसद निर्धास्त राहिली, तर किंमत मात्र निर्णयाच्या घडीला एकट्या पडलेल्या कुटुंबांना मोजावी लागेल.